अर्ज एकाचा, सही दुसऱ्याची

गेल्या महिन्यात एका रविवारी ताई आणि भाची दोघी घरी आल्या. नेहमीसारखं चहापाणी, खाजं, गावच्या जत्रेच्या गप्पा झाल्या. मग भाचीने पिशवीतून एक जाड फाईल काढून माझ्यासमोर ठेवली. "मामा, तू आधी सगळं नीट वाच, मग सही कर," ती म्हणाली.

मामलेदार कचेरीत कारकुनी करता करता माझी वीस वर्षं गेली. काऊंटरच्या अलीकडे बसून समोरच्याला "वाचून सही करा हां" असं मी रोज पन्नास वेळा सांगत असेन. कोणी वाचत नाही. त्या दिवशी तेच वाक्य माझ्याकडे उलट आलं, आणि मी खरंच वाचायला बसलो.

भाचीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एमएससाठी प्रवेश मिळालाय. अर्ज कधीच गेला होता. आपण हाच विषय का निवडला हे सांगणारा दोन पानी निबंध, तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, कॉलेजची गुणपत्रकं, सगळं. आता प्रश्न होता तो पैशांचा. पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार हे कागदावर दाखवल्याशिवाय विद्यापीठ आय-ट्वेंटी नावाचा फॉर्म देत नाही, आणि त्या फॉर्मशिवाय व्हिसाच्या खिडकीपर्यंतही जाता येत नाही. भावोजींचं छोटं दुकान. गावच्या घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं आणि त्यांच्या चार भावांचं नाव. इन्व्हेंटरी झालेली नाही, त्यामुळे बँक त्या घराकडे ढुंकूनही बघत नाही. राहिला माझा फोंड्यातला फ्लॅट. तो तारण ठेवायचा आणि जामीन म्हणून मी सही करायची. आपल्या गोव्याच्या समान नागरी कायद्यामुळे नवराबायको मालमत्तेचे समान धनी, म्हणून माझ्या सहीशेजारी बायकोची सहीसुद्धा हवी.

मी फाईल मिटली आणि विचारू नये ते विचारलं. "शिकून परत येशील ना?"

भाची हसली. "मामा, व्हिसाच्या खिडकीवरचा माणूससुद्धा मला हेच विचारणार आहे."

ते खरंच आहे. अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळवताना आपण शिक्षण संपवून मायदेशी परतणार आहोत हे समोरच्या अधिकाऱ्याला पटवावं लागतं. म्हणजे परका अधिकारी आणि सख्खा मामा, दोघांचा प्रश्न एकच. तिने हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. मी म्हटलं, फाईल ठेवून जा, चार दिवसांत सांगतो.

त्या चार दिवसांचे पंधरा दिवस झाले. बँकेचे नियम पहिल्याच दिवशी वाचून संपले. पुढचे दिवस मी पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं वाचण्यात घालवले. बी.ए.ला इतिहास घेतला होता, तो असा अवेळी उफाळून येतो. आपल्या लोकांनी आधी परदेशी विद्यापीठांत अर्ज कसे केले, त्यांच्या कागदांवर कोणी सह्या केल्या आणि त्या सह्यांच्या बदल्यात काय मागितलं, हे मला बघायचं होतं.

आधी आपल्या गोव्याचंच घ्या. 'परदेशी शिक्षण' हा शब्द आपल्याकडे जरा वेगळ्या अर्थाने जुना आहे. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली, १८५४ साली लिसेंव निघालं. पुढचं शिकायचं तर बोटीने लिस्बन किंवा कुइंब्रा. ती वाट मुख्यतः ख्रिस्ती आणि सधन घराण्यांची. हिंदू घरांतला मुलगा मराठी शाळेत शिकायचा आणि पुढची ऐपत असली तर घाट चढून बेळगाव, पुणे नाहीतर मुंबई गाठायचा. मुंबई विद्यापीठ १८५७चं. आज आपल्याला मुंबई म्हणजे रात्रीच्या बसचा प्रवास वाटतो. पण त्या काळी गोव्यातला मुलगा पोर्तुगालच्या राजाचा प्रजाजन आणि मुंबई इंग्रजांची. कायद्याच्या नजरेने बघितलं तर पुण्यामुंबईला मॅट्रिक झालेला प्रत्येक गोमंतकीय हा परदेशी विद्यार्थीच होता! मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत आणि मडगावात कॉलेजं निघाली, १९८५ साली गोवा विद्यापीठ झालं. म्हणजे शिकायचं तर हद्द ओलांडायची, ही सवय आपल्या हाडात दोनेकशे वर्षं तरी मुरलेली आहे.

आता समुद्रापलीकडच्या अर्जांकडे वळू. पहिली गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक असलेली, आनंदीबाई जोश्यांची. कादंबरी, नाटक झालं, २०१९ साली सिनेमाही येऊन गेला. पण मी कारकून असल्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच गेलं. गोपाळराव जोशी हे पोस्टातले कारकून होते. म्हणजे आमच्याच जातकुळीचे. बदल्या होणारा, पगार बेताचा, साहेबाचं तोंड बघून बोलणारा माणूस. त्याने बायकोला डॉक्टर करायचं मनावर घेतलं, आणि कारकुनाला जे शस्त्र चालवता येतं तेच उचललं. अर्ज लिहिला.

त्यांचा पहिला अर्ज विद्यापीठाकडे नव्हताच. अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना त्यांनी पत्र लिहिलं की माझ्या पत्नीला अमेरिकेत शिकायचं आहे आणि मलाही तिकडे काही काम मिळालं तर बरं. उत्तर आलं की आधी ख्रिस्ती व्हा. गोपाळरावांनी ते मानलं नाही. एवढ्यावर प्रकरण दप्तरी दाखल व्हायचं. पण वाइल्डरनी हा पत्रव्यवहार आपल्या मिशनरी मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या होत्या, तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. नाकारलेला अर्ज भलत्याच माणसाने वाचला, आणि त्या बाईंनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे कितीतरी पत्रं गेली-आली. एकमेकींना न बघताच त्यांच्यात मावशी-भाचीचं नातं जुळलं.

१८८३च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीत भाषण करून आपण का जातोय ते सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे तिथेच जाहीर केलं. बघा, 'परत येशील ना' हा प्रश्न तेव्हाही होताच. तो समाज विचारत होता एवढंच. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाईंच्या घरी राहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज पाठवला. वय अठरा, शिक्षण बहुतेक घरीच. त्या पत्रात त्यांनी आपल्या गुणपत्रकापेक्षा आपला हेतू पुढे केला. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत, औषधावाचून मरतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, आणि सगळ्यांचा विरोध सोसून मी इथवर आलेय, असा त्याचा आशय. आज भाचीने जो दोन पानी निबंध लिहिला, त्या प्रकारातला आपल्या भाषेच्या माणसाने लिहिलेला हा बहुधा सर्वांत धारदार नमुना असावा. प्राचार्या रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या.

१८८५ सालचं त्या कॉलेजातलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन परदेशी विद्यार्थिनी शेजारी शेजारी, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. नऊवारीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. हे चित्र बघताना माझ्या मनात येतं की प्रत्येकीच्या मागे कोणीतरी एक गोपाळराव आणि कोणीतरी एक कार्पेंटरबाई असणारच.

पण गोपाळरावांच्या बाबतीत मला दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. अभ्यासापायी त्यांनी लहानग्या बायकोला मारहाण केली होती, हे आनंदीबाईंनी स्वतःच पुढे अमेरिकेतून पत्रात लिहिलंय. नऊ वर्षांची असताना लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलं. तिचं शिकणं हे तिचं होतं तसं नवऱ्याचा हट्टही होतं. पाठीशी उभा राहणारा हात आणि पाठीवर पडणारा हात एकच होता. ती बोलल्याप्रमाणे परत आली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही झाली होती. कामावर रुजू व्हायच्या आधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत क्षयाने पुण्यात गेली. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. परत येणं आणि परत न येणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या.

दुसरी गोष्ट आपल्या सांखवाळची. धर्मानंद कोसंबींचा जन्म तिथला, ९ ऑक्टोबर १८७६चा. शाळेचं शिक्षण जेमतेम, घरच्या माडांची देखभाल हे काम. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं, आणि ते डोक्यात असं शिरलं की १८९९ साली बायको आणि लहान मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश. कुठे माधुकरी मागून, कुठे विहारात राहून संस्कृत आणि पाली शिकले. कुठेही छापील फॉर्म भरला नाही, एकाही विद्यापीठाची पदवी घेतली नाही. आणि तरी कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पाली शिकवायला घेतलं.

मग बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना सांगितलं की महाराष्ट्रात कुठेही राहून काम करा, दरमहा ५० रुपये देतो, वर्षाला एक पुस्तक द्या. कलकत्त्याची मोठ्या पगाराची आशा सोडून धर्मानंदांनी हे ५० रुपये पत्करले, कारण आपल्या भाषेत आपल्या माणसांना बुद्ध सांगायचा होता. इथे ही सही आणि ही अट जरा लक्षात ठेवा. महिना ५० रुपये आणि वर्षाला एक पुस्तक. मागणारा आणि देणारा दोघांचंही भलं होईल अशी अट.

१९१० साली हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्यामुळे धर्मानंद अमेरिकेला गेले. हेन्री क्लार्क वॉरन या पाली पंडिताने बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाचं संपादन अर्धवट टाकून देह ठेवला होता, ते पुरं करायला माणूस हवा होता. म्हणजे इथे गंगा उलटी वाहिली. सांखवाळच्या माणसाने विद्यापीठाकडे अर्ज केला नाही, विद्यापीठालाच त्याची गरज पडली. पण तिथेही कागद आडवा आलाच. ग्रंथाच्या संपादनाचं श्रेय कोणाला, यावरून प्राध्यापक लानमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ साली धर्मानंद काम सोडून परतले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवलं. हार्वर्डच्या त्या कामासाठी नंतर पुन्हा फेऱ्या झाल्या, पण तो ग्रंथ हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत छापून आला १९५० साली. धर्मानंद १९४७च्या जूनमध्येच सेवाग्रामला प्रायोपवेशन करून गेले होते. एका सहीला चाळीस वर्षं लागली, आणि ती पाहायला सही करणारा उरला नाही.

१९१८ साली धर्मानंद दुसऱ्यांदा निघाले तेव्हा थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांना त्यांनी बरोबर घेतलं. माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. दामोदर केंब्रिजच्या लॅटिन स्कूलमध्ये दाखल झाला. मध्ये हिंदुस्थानात येऊन १९२६ साली तो पुन्हा गेला आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी त्याने सर्वोच्च सन्मानाने मिळवली. हाच आपला दा. ध. कोसंबी, गणिती आणि इतिहासकार. ज्या बापाकडे एकही पदवी नव्हती त्याच्या बोटाला धरून पोरगं हार्वर्डच्या दारात पोचलं. पदवी घेऊन तो परत आला आणि बनारसला गणित शिकवू लागला. ही माणसं परतली ती कोणी लिहून घेतलं होतं म्हणून नव्हे. बाप मुलांना काय वाचायला देत होता आणि स्वतः काय सोडत होता, ते मुलं बघत होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जड गेली. ती बाबासाहेब आंबेडकरांची.

सयाजीरावांचा हात इथेही आहे. मुंबईला बी.ए. करताना भीमरावांना महाराजांची महिना २५ रुपयांची मदत होती. १९१३च्या आरंभी ते बडोद्याला नोकरीला गेले, थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारीला, वडील वारले. त्याच वर्षी अमेरिकेत शिकण्यासाठी महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षण पुरं झालं की बडोदे संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची, ही त्यातली अट. म्हणजे 'परत येशील ना' हा प्रश्न इथे स्टँपपेपरवर आला.

जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचेच एकोणतीस अभ्यासक्रम घेतले, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान वेगळं. १९१५ साली एम.ए. झाले. १९१६च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरचा प्रबंध वाचला, आणि ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनच्या विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली, आणि १९१७ साली ते परतले. करारात ठरल्याप्रमाणे बडोद्याला हजर झाले.

पुढे काय झालं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. संस्थानच्या नोकरीत इतका शिकलेला अधिकारी, पण शहरात त्याला राहायला खोली कोणी देईना. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. शेवटी पारशी सराईत पारशी नाव घेऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्याने त्यांना बाहेर काढलं. सामान घेऊन बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे विसरून गेलो होतो, असंही त्यांनी त्यात म्हटलंय. ज्या लेखनात ही आठवण आहे त्याचं इंग्रजी नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाची वाट बघताना! न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये ज्याला प्रवेश मिळाला, त्याला आपल्याच मुलखात प्रवेश नव्हता.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. अट घालणाऱ्याने विद्यार्थ्याला परत बोलावलं. पण परत आल्यावर त्याला उभं राहायला जागा आपण ठेवली आहे का, हे बघण्याची अट त्या करारात कोणाच्याच नावावर नव्हती. विद्यार्थ्याने सही केली होती, शहराने केली नव्हती.

लंडनचा अभ्यास पुरा करायला बाबासाहेब १९२० साली पुन्हा गेले. या वेळी स्वतःच्या प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये. शिवाय कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेलना लिहिलेलं शिफारसपत्र. आज भाचीच्या फाईलमध्ये जी तीन पत्रं आहेत, तसलंच ते एक. १९२३ साली ते डी.एससी. झाले. पारशी सराईतून काढणारे पारशी आणि पैसे देणारा मित्रही पारशी. समाजाच्या नावाने कोणालाच एका खणात ठेवता येत नाही, हेही त्यातून शिकलो.

आता या तिन्ही गोष्टी एका फाईलीत लावून बघितल्या तर काय दिसतं? आपण म्हणतो अमुक मुलगा हुशार, त्याने अर्ज केला, त्याला प्रवेश मिळाला. पण अर्जाचा जो कागद खरोखर दार उघडतो, त्यावर बहुतेक वेळा दुसऱ्याची सही असते. पोस्टातला कारकून, दातांच्या डॉक्टरकडे बसलेली बाई, संस्थानचा राजा, उसने देणारा मित्र, दोन ओळी लिहिणारा प्राध्यापक. आणि प्रत्येक सहीबरोबर सही करणाऱ्याची एक अपेक्षाही त्या पाकिटात जाते. कोणाची कर्ज फिटावं ही, कोणाची आपला हट्ट पुरा व्हावा ही, कोणाची दहा वर्षांच्या चाकरीची. हुशारी विद्यार्थ्याची असते, ओझं मात्र त्याला सगळ्यांचं वाहावं लागतं.

माझ्या सहीत काय दडलं होतं ते मला मग दिसलं. माझी अपेक्षा फ्लॅट सुटण्यापुरती नव्हती. आमच्या वाड्यावरची निम्मी घरं आज बंद आहेत. कोणाची मुलं आखातात, कोणाची इंग्लंडात. आजोबांचा जन्म १९६१च्या आधीचा, म्हणून लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा, भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि युरोप गाठायचा, ही वाट गेली कित्येक वर्षं आपल्याकडे पायाखालची झाली आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१पासून त्या पासपोर्टवर इंग्लंडात स्थानिक फीची सवलत नव्या विद्यार्थ्यांना मिळेनाशी झाली, तेव्हा त्या वाटेवरही थोडं गवत उगवलं. भाचीने ती वाट धरली नाही. ती भारतीय पासपोर्टवर, परदेशी विद्यार्थी म्हणूनच जातेय. पण माझ्या डोळ्यांसमोर ती कुलपं होती. म्हातारपणी माझ्या आणि ताईच्या उशाशी कोणी असावं, ही माझी दहा वर्षांच्या कराराची अट होती. ती मी स्टँपपेपरवर लिहिली नव्हती एवढंच.

बायकोला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती परत यावी असं वाटतं ना? मग ती आल्यावर तिला इथे काय काम मिळणार, ते आधी सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कचेरीत दोन जागा निघाल्या की किती अर्ज येतात ते मी रोज मोजतो. त्या अर्जांत इंजिनियर असतात, एमएससी असतात.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं ताईकडे गेलो. बँकेचे कागद टेबलावर मांडले. आधी बायकोने सही केली, मग मी. सवयीने सहीखाली तारीख घातली आणि खाडाखोड नाही ना ते तपासलं. भाची समोर उभी होती. ती म्हणाली, "मामा, त्या दिवशी तू विचारलंस त्याचं उत्तर..."

मी म्हटलं, "ते राहू दे. हप्ते वेळेवर भर. आणि तिथे कधी कोणी आपल्या गावचं पोर तुझ्याकडे पत्र मागायला आलं तर दोन ओळी लिहून दे."

तिने मान हलवली. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख अजून मिळायची आहे.

इतिहासाची पुस्तकं परत करायला पाटोला गेलो तेव्हा दामोदर कोसंबींचं एक पुस्तक मात्र घरी ठेवून घेतलं, मुदत वाढवून. माझ्याही घरात नववीतला मुलगा आहे. तुमच्या घराण्यातलं कोणी कधी शिकायला हद्द ओलांडून गेलं असेल, बेळगावला, पुण्याला, लिस्बनला किंवा त्याही पलीकडे, तर त्याच्या कागदावर सही कोणाची होती ते एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. जाणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं. सही करणाऱ्याचं नाव फक्त त्यांनाच आठवत असेल.